डॉ. रखमाबाई : चरित्र व बोध

ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे द्यावीत असा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु यंदा आम्ही ज्या स्त्रीचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो, ती आपल्या ज्ञातीतील नव्हे. तिचा जन्म मुंबईतील सुतार ज्ञातीत झाला. तिचे नाव रखमाबाई. प्रघात मोडण्यास कारण आहे. नवराबायकोचे, सासर-माहेरचे, मुलीने नांदावयास जाण्या-न जाण्याचे तंटे प्रत्येक ज्ञातिसंस्थेपुढे आज ना उद्या येतातच. चार वडीलधाऱ्या माणसांनी बसून ते मिटवावेत, कोर्टाची पायरी चढू नये, असे एक पक्ष म्हणतो. अशा गोष्टींत ज्ञातीने तोंडच घालू नये, सरकारचा कायदा आहे, त्याच्याकडे जावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद नवा नाही. १८८४ ते १८८८ ह्या चार वर्षांत तो मुंबईच्या हायकोर्टात, वर्तमानपत्रांत आणि थेट विलायतेतही गाजला. आणि त्या वादाच्या मध्यभागी विशीतील एक मुलगी उभी होती. तिचे चरित्र वाचले असता दोन्ही पक्षांस आपल्या मताचा पुन्हा विचार करावा लागेल, अशी आमची खात्री आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. रखमाबाई जेमतेम अडीच वर्षांच्या असताना वडील वारले. जयंतीबाईंचे वय त्या वेळी सतरा वर्षांचे होते. ब्राह्मण व तत्सम ज्ञातींत अशा विधवेच्या वाट्यास त्या काळी केशवपन व अंधारी खोली याखेरीज काही येत नसे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता खरा. पण तो कागदावर होता आणि रूढी घराघरांत होती. सुतार ज्ञातीत मात्र पुनर्विवाहास ज्ञातीचीच मोकळीक होती. त्यामुळे सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंचा पुनर्विवाह डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या सुखासाठी इतर ज्ञातींतील सुधारकांस सरकारी कायद्याची व शास्त्रार्थाच्या सभांची कास धरावी लागली, ते सुख जयंतीबाईंस त्यांच्या ज्ञातीच्या चालीने सहज लाभले. तेव्हा ज्ञातीची चाल म्हणजे जुलूमच, असे सरसकट म्हणता येत नाही.

उलट, ह्याच बाबतीत सरकारी कायद्याची एक अट जाचक होती. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील आपला हक्क सोडावा लागे. जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वी ती मालमत्ता आपल्या मुलीच्या, म्हणजे रखमाबाईंच्या नावे करून दिली. पुढे जो कज्जा उभा राहिला, त्यात ह्या मालमत्तेचा उल्लेख वारंवार झाला.

डॉक्टर सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ साली मुंबईत सृष्टिविज्ञानाची जी विख्यात संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. सुधारक मंडळींचा त्यांच्या घरी राबता असे. अशा घरात वाढूनही रखमाबाईंचा विवाह चालीप्रमाणे अकराव्या वर्षी झालाच. वर दादाजी भिकाजी हे डॉक्टरांच्याच नात्यातील, वय एकोणीस-वीस. मुलाने सासऱ्याच्या घरी राहावे, विद्या संपादन करावी, चांगला माणूस व्हावे, असे ठरले होते. थोड्याच महिन्यांत रखमाबाई ऋतुमती झाल्या. तेव्हा चालीप्रमाणे गर्भाधानविधी व्हावयाचा; पण डॉक्टरांनी वैद्य ह्या नात्याने एवढ्या कोवळ्या वयात तो होऊ देण्यास नकार दिला. दादाजींस हे रुचले नाही. विद्येतही त्यांचे मन रमले नाही. ते सासरचे घर सोडून आपल्या मामांच्या घरी राहावयास गेले.

इकडे रखमाबाई आईच्या घरी राहून वाचू लागल्या. शाळेचे शिक्षण तर लग्नाबरोबरच संपले होते. पण घरात येणाऱ्या पुस्तकांवर व थोरामोठ्यांच्या संभाषणांवर त्यांनी आपले इंग्रजी व आपली विचारशक्ती वाढविली. विद्येची गोडी एकदा लागली की माणूस आपल्या स्थितीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लागले त्या पुरुषाबरोबर आयुष्य काढणे आपणांस शक्य नाही, असा त्यांचा निश्चय वर्षानुवर्षे दृढ होत गेला. दादाजींची प्रकृती, त्यांची सांपत्तिक स्थिती व त्यांच्या भोवतालचे घर ही कारणे त्यांनी दिली. पण मुळाशी कारण एकच होते. ज्या वयात लग्न म्हणजे काय हेही कळत नाही, त्या वयात त्यांच्या संमतीवाचून ते लावले गेले होते.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून बायकोस नांदावयास धाडण्याची मागणी केली, व ती मान्य न झाल्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. दादाजींची बाजूही येथे सांगितली पाहिजे, कारण एका बाजूचेच ऐकून निवाडा करणे हे पंचास शोभत नाही. त्यांचे म्हणणे असे की, आपली बायको मुळात येण्यास राजी होती. परंतु तिच्या आईने व आजोळच्या माणसांनी, तिच्या नावच्या मालमत्तेवर डोळा ठेवून, तिचे मन फिरविले. विधियुक्त लग्न झालेल्या पुरुषाने आपली बायको मागावी यात गैर ते काय, असा त्यांचा सवाल होता. आणि त्या काळच्या शंभरातील नव्वद गृहस्थांस तो बिनतोड वाटला असेल.

दावा उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉक्टर सखाराम अर्जुन निवर्तले. घरचा भक्कम आधार गेला. त्याच वर्षी रखमाबाईंनी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया पत्रात एक हिंदू स्त्री ह्या टोपणनावाने दोन पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलीची विद्या, आरोग्य व सुख कसे खुंटते, पुरुष मात्र त्यातून कसा मोकळा राहतो, आणि विधवेची अवस्था काय होते, हे त्यांत त्यांनी अशा स्पष्टपणे मांडले की सर्वत्र खळबळ उडाली. बेहरामजी मलबारींनी १८८४ सालीच बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी आपली टिपणे प्रसिद्ध करून वादाला तोंड फोडले होते. आजवर पुरुषांनी पुरुषांशी चालविलेल्या ह्या वादात, जिच्याविषयी वाद चालला होता ती स्वतः बोलू लागली, हेच त्या पत्रांचे महत्त्व.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे दावा चालला, व २१ तारखेस त्यांनी तो फेटाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. विलायतेत अशा दाव्यांचा हेतू, एकदा एकत्र नांदलेले जोडपे विभक्त झाले असता ते पुन्हा एकत्र आणणे हा असतो. येथे मुलगी सासरी कधी नांदलीच नाही. तेव्हा जे कधी नव्हतेच त्याची पुनःस्थापना कशी करावयाची? बाल्यावस्थेत लग्न झालेल्या तरुण स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांस निर्दयपणाचे वाटले. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रात मुळात सांगितलेलाच नाही, तो इंग्रजी कायद्यातून येथे आला, हेही त्यांनी दाखवून दिले.

हे शेवटचे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे. बायकोस अगर नवऱ्यास कोर्टाच्या हुकमाने नांदावयास लावण्याचा हा दावा इंग्लंडात कोठून आला? तो आला ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांतून. कित्येक शतके इंग्लंडात लग्नाचे तंटे राजाच्या कोर्टात चालत नसत. ते बिशपांच्या धर्मन्यायालयात चालत. धर्मन्यायालयाचा हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा काय, तर धर्मबहिष्कार. आपल्याकडील वाळीत टाकण्याचीच ती जुळी बहीण. १८१३ साली तेथे कायदा होऊन बहिष्काराच्या जागी सहा महिनेपर्यंतचा तुरुंग आला. १८५७ साली लग्नाचे खटले धर्मपीठाकडून काढून सरकारी कोर्टाकडे दिले गेले, पण धर्मपीठाचे हे हत्यारही त्यांच्याबरोबर सरकारी कोर्टात आले. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलाने एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात असा दावा हिंदुस्थानातही चालतो असे ठरविले, आणि आपल्या दिवाणी कायद्यात हुकूम मोडणाऱ्यास सहा महिनेपर्यंत कैद अगर मालमत्तेची जप्ती अशी तरतूद झाली. नवल असे की, १८८४ साली, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, इंग्लंडने आपल्या देशापुरती ही कैद रद्द केली. विलायतेतील स्त्रीस जी शिक्षा नको झाली, ती मुंबईच्या मुलीसाठी शिल्लक राहिली.

पिन्हेसाहेबांच्या निकालाने लोकमत दुभंगले. सुधारकांस आनंद झाला. पण केसरी व मराठा ह्या पत्रांनी कडाडून टीका केली, व त्या टीकेचे धुरीण बाळ गंगाधर टिळक होते. त्यांचा मुद्दा हलक्याने घेण्यासारखा नव्हता. परक्या सरकारने व परक्या न्यायाधीशाने आपल्या घरच्या चालीरीतींत हात घालू नये. सुधारणा व्हावयाची ती समाजाच्या आतून, विद्येने व विचाराने व्हावी, असे ते म्हणत. शिवाय सगळी लग्ने बालपणीच होत असल्यामुळे, मुलीच्या संमतीचा प्रश्न एकदा काढला तर एकही लग्न टिकावयाचे नाही, अशी धास्ती अनेकांस वाटत होती. देश परतंत्र असताना ही भाषा मनाला भिडे, यात आश्चर्य नाही. परंतु ज्या दाव्याचे समर्थन धर्माच्या नावाने चालले होते, तो आपल्या धर्माचा नसून परक्या धर्मपीठाचा होता, ह्या विसंगतीकडे पुष्कळांनी डोळेझाक केली. धर्माचे रक्षण होते आहे असे वाटत असता प्रत्यक्षात पुरुषाच्या हक्काचेच रक्षण होत होते.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हेसाहेबांचा निकाल फिरविला, व दावा चालण्यास हरकत नाही असे ठरवून तो फेरसुनावणीसाठी परत पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे. न गेल्यास कैद भोगावी. रखमाबाईंनी उत्तर दिले की, कायद्यात सांगितलेली जास्तीत जास्त शिक्षा आपण भोगू, पण ह्या हुकमाप्रमाणे वागणार नाही. एका घरंदाज हिंदू मुलीने तुरुंगाची तयारी दाखविणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत पुढे हजारो स्त्रिया तुरुंगात गेल्या व समाजाने त्यांना ओवाळले. रखमाबाईंच्या वेळी ओवाळणारे थोडे आणि नावे ठेवणारे फार होते.

मुंबईत त्यांच्या बचावासाठी एक कमिटी स्थापन झाली. विलायतेच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली. दादाजींनीही आपली हकीगत छापून प्रसिद्ध केली, व रखमाबाईंनी तिला वर्तमानपत्रातून सविस्तर उत्तर दिले. अखेर जुलै १८८८ मध्ये समेट झाला. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी न करण्याचे कबूल केले. तुरुंग टळला, पण प्रश्न सुटला नाही. तो पैशाने मिटला. लग्न मोडण्याची सोय त्या वेळच्या कायद्यात त्यांना नव्हती. दादाजींस दुसरी बायको करण्याची मुभा होती; रखमाबाईंस ती नव्हती. ज्या घरात त्या कधी नांदल्या नाहीत, त्या घराच्या त्या कायद्याने सूनच राहिल्या.

येथे वाचक विचारतील की, जर सरकारी कोर्टापेक्षा रखमाबाई आपल्या ज्ञातीच्या पंचांकडे गेल्या असत्या तर? पुनर्विवाहाची चाल असलेल्या अनेक ज्ञातींत काडीमोडीचीही चाल होती. पंच बसून, देणेघेणे ठरवून, स्त्रीस मोकळी करीत. परंतु ही वाट सरकारी कोर्टाने अरुंद करून टाकली होती. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनाने ज्ञातीच्या प्रश्नांत कोर्टांनी पडू नये असे ठरविले होते खरे. पण १८७६ साली मुंबई हायकोर्टाने असा निर्णय दिला की, लग्न रद्द ठरविण्याचा अथवा नवरा हयात असताना स्त्रीस दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा ज्ञातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांच्या परवानगीवर विसंबून दुसरे लग्न करणारी स्त्री फौजदारी कायद्याच्या कचाट्यात सापडू लागली. म्हणजे आधुनिक कोर्ट प्रत्येक वेळी स्त्रीच्या बाजूस व ज्ञातीचे पंच प्रत्येक वेळी तिच्या विरुद्ध, असा हिशेब इतिहासात जुळत नाही. कधी पंचांनी दार उघडले व कोर्टाने लावले, कधी कोर्टाने उघडले व पंचांनी लावले.

मग खरी कसोटी कोणती? रखमाबाईंचे चरित्र तिचे उत्तर देते. न्याय देणारी बैठक मठातील असो, चावडीवरील असो, की काळा झगा घातलेल्या न्यायाधीशाची असो. तिने पहिला प्रश्न त्या स्त्रीस विचारला की नाही, तिचे म्हणणे काय व ते तिने मोकळ्या मनाने सांगितले काय, ही ती कसोटी. फॅरनसाहेबांचे कोर्ट निधर्मी होते, कायदा छापील होता, वकील विद्वान होते; तरी त्या कसोटीस ते उतरले नाही. पिन्हेसाहेबांचे कोर्टही तेच होते, कायदाही तोच होता. पण त्यांनी तो प्रश्न विचारला, व निकाल निराळा लागला.

समेटानंतर रखमाबाईंनी रडत बसण्यात वेळ दवडला नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉक्टर एडिथ पेची ह्या इंग्रज विदुषीच्या प्रोत्साहनाने त्यांनी वैद्यकीचा अभ्यास करण्याचे ठरविले, व १८८९ साली त्या विलायतेस गेल्या. लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात अभ्यास करून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवी घेऊन आल्या, परंतु दुर्दैवाने व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यामुळे आपल्या देशात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत रखमाबाईंची गणना होते. ज्या मुलीचे शाळेचे शिक्षण अकराव्या वर्षी थांबले, तिने तिसाव्या वर्षी ही पदवी मिळवावी, ही गोष्ट आपल्या घरांतील मुलींनी व त्यांच्या पालकांनी मनावर कोरून ठेवावी.

परत आल्यावर १८९५ पासून त्या सुरतेस स्त्रियांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. त्या काळी पुरुष डॉक्टरास नाडी दाखविणेही कुलीन स्त्रियांस लाजेचे वाटे, आणि बाळंतपणात जीव गेला तरी चालेल पण परपुरुष नको, अशी समजूत घराघरांत होती. अशा स्त्रियांपर्यंत पोहोचणे हे केवळ औषधाचे काम नव्हते. ते विश्वासाचे काम होते. रखमाबाईंनी ते दोन तपे सुरतेस केले व पुढे राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात केले. निवृत्त होईपर्यंत त्यांची सेवा सुमारे पस्तीस वर्षे भरली. सेवेच्या अखेरीस, १८२९ च्या सतीबंदीस बरोबर शंभर वर्षे होत असताना, म्हणजे १९२९ साली, त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. वय साठीच्या पुढे गेले होते, पण लेखणी तीच होती.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०४ साली दादाजी वारले. ज्या लग्नास त्यांनी कधी मान्यता दिली नव्हती, त्या लग्नाच्या नात्याने रखमाबाईंनी त्यानंतर विधवेचे पांढरे वस्त्र परिधान केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्याचा अर्थ कोणी काही लावो. आम्हांस त्यात एवढेच दिसते की, धर्म अगर परंपरा यांच्याशी त्यांचे वैर नव्हते; वैर होते ते सक्तीशी. आपल्या इच्छेने त्यांनी जे पाळले ते पाळले; दुसऱ्याच्या हुकमाने मात्र त्या वाकल्या नाहीत.

त्यांच्या लढ्याचे फळ हळूहळू पदरात पडले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर आले. त्यास बंगालमधील एका बालवधूचा मृत्यू जसा कारण झाला, तसा रखमाबाईंच्या खटल्याने तापलेल्या लोकमताचाही हातभार लागला. १९२३ साली कायदा दुरुस्त होऊन नांदावयास न जाणाऱ्या माणसास तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द झाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झाले. १९४६ साली मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नास बंदी झाली, व १९४७ साली घटस्फोटाची सोय झाली. १८ मे १९५५ रोजी संपूर्ण देशासाठी हिंदू विवाह कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, रखमाबाईंनी देह ठेवला. जो प्रश्न त्यांनी विशीत विचारला, त्याचे कायद्यातील उत्तर पाहावयास त्या जगल्या.

तरीही उत्तर पुरे झाले असे म्हणता येत नाही. त्याच हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात नांदावयास लावण्याचा तो जुना दावा, नवराबायको दोघांसही उपलब्ध असा, कायम ठेवला गेला. १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध असल्याचा निर्णय दिला. ज्या इंग्लंडातून हा दावा आला, त्या देशाने मात्र १९७० साली कायदा करून तो संपूर्णपणे काढून टाकला. धर्मपीठातून निघालेली गोष्ट किती दूरवर व किती वेष बदलून प्रवास करते, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. ज्ञातीने कुटुंबातील तंट्यांत पडावे की न पडावे? आमच्या अल्प बुद्धीस वाटते ते असे. समजूत घालणे हे वडीलधाऱ्या माणसांचे काम आहे, आणि ते त्यांनी अवश्य करावे. कोर्टातील कज्जा वर्षानुवर्षे चालतो, पैसा जातो, मने कायमची तुटतात; चार शहाण्या माणसांच्या मध्यस्थीने एखादा संसार सावरला तर त्यासारखे पुण्य नाही. परंतु समजूत घालणे वेगळे आणि निवाडा देणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली लवादाच्या अधिकाराविषयी बोलताना घटस्फोट, नांदावयास लावणे, मुलांचा ताबा यांसारखे तंटे खाजगी लवादाच्या कक्षेबाहेरचे असल्याचे स्पष्ट केले आहे. २०१८ साली त्याच न्यायालयाने प्रौढ मुलामुलीच्या लग्नात जमावाने वा पंचायतीने अडथळा आणणे बेकायदेशीर ठरविले. आपल्या महाराष्ट्राने तर २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, व तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे. तेव्हा ज्ञातीच्या हाती निवाड्याचा दंड राहिलेला नाही, व तो नसावा हेच बरे. दंड गेला तरी वजन राहते. आणि वजनाचा उपयोग दुबळ्याच्या बाजूने केला तर ज्ञातीची शोभा वाढते.

म्हणून जेथे जेथे ज्ञातिबांधव असे तंटे मिटविण्यास बसतील, तेथे त्यांनी काही पथ्ये पाळावीत अशी आमची नम्र सूचना आहे. मुलीचे म्हणणे सासर-माहेरच्या मंडळींच्या गराड्यात न ऐकता, तिला एकटीला बसवून, निवांतपणे ऐकावे. ऐकणाऱ्यांत निदान निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. पाच पुरुषांपुढे वीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे चाळीस वर्षे शिकविण्याच्या अनुभवाने आम्हांस ठाऊक आहे. मारहाणीची तक्रार असेल तर समेटाची घाई करू नये. आधी तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था पाहावी. कोर्टात जाऊ नकोस असे तिला कोणी बजावू नये. ते दार सदैव उघडे आहे हे तिला प्रथमच सांगावे. आणि अखेरीस तिने नाही म्हटले, तर त्या नाहीचा मान राखावा. घराण्याचे नाव जाईल, ज्ञातीत बोलबाला होईल, ह्या भीतीने मुलीस परत पाठविणारे आईबाप रखमाबाईंच्या काळात होते. ते आजही अगदीच नाहीत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

त्याचबरोबर कायद्यावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणाऱ्यांसही आम्ही विनवितो. कायदा होण्यास १८८४ पासून १९५५ पर्यंत एकाहत्तर वर्षे लागली. मधल्या काळात जयंतीबाईंस आधार दिला तो ज्ञातीच्या उदार चालीने, आणि रखमाबाईंस आधार दिला तो आईने, सावत्र वडिलांनी व काही सुहृदांनी. कायदा दाराशी येऊन उभा राहतो. दार आतून उघडणारे हात घरातलेच लागतात. ज्या घरात मुलगी शिकली, तिला मन मोकळे करण्याची मुभा मिळाली, व तिच्या शब्दास किंमत राहिली, त्या घरातील तंटा बहुधा पंचांपर्यंतही जात नाही आणि कोर्टापर्यंतही जात नाही.

ज्ञातिसंघाच्या ह्या स्मरणिकेत विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरांची सूची, देणगीदारांची नावे असे पुष्कळ काही असते, व ते असावे. ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने ती वधूवर-सूची उघडताना रखमाबाईंचे एकदा स्मरण करावे, आणि मुलीच्या नावापुढे शिक्षण, उंची व पत्रिका हे रकाने भरण्यापूर्वी तिची संमती विचारली आहे काय, एवढे स्वतःस विचारावे. तिने ती मनापासून दिली असेल, तर पुढील निवाड्याची वेळ सहसा येणार नाही. आमच्या ह्या चार ओळी ज्ञातीतील एखाद्या जरी घरात त्या विचारास कारण झाल्या, तरी त्या थोर स्त्रीचे ऋण अंशतः फेडल्याचे समाधान आम्हांस लाभेल.